बंटी चावतो

शेल्टरमध्ये कुत्रा सोडायला आलेल्या माणसाला एक फॉर्म भरावा लागतो. नाव, वय, लसी, नसबंदी हे रकाने भराभर भरून होतात. ‘सोडण्याचं कारण’ या रकान्याशी आलं की बहुतेकांचं पेन थबकतं. मग कुणी ‘बदली’ लिहितं, कुणी ‘सोसायटीची हरकत’, कुणी ‘वेळ देता येत नाही’. बंटीच्या फॉर्मवर एकच शब्द होता, ‘चावतो’. आणि त्याच्या खाली, मागाहून सुचल्यासारखं, बारीक अक्षरात: ‘न सांगता’.

बंटी ११ वर्षांचा. आपण ज्याला सरसकट पामेरियन म्हणतो त्या पांढऱ्या स्पिट्झपैकी. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’मधल्या टफीने चिठ्ठी भलत्याच माणसाकडे नेऊन एक अडलेलं लग्न मार्गी लावलं, तेव्हापासून या जातीकडून लोकांच्या अपेक्षा जरा जास्तच आहेत. कुत्रा लहान, गोंडस, पांढराशुभ्र. त्यामुळे तो गुरगुरला तरी घरातली माणसं हसतात. तेच एखाद्या अल्सेशियनने केलं असतं तर लगेच कुणाला तरी विचारायला धावले असते.

त्याला घेऊन आलेली माणसं वाईट नव्हती. कुत्रा मुळात त्यांच्या वडिलांचा. वडील गेले, घरात पोर रांगू लागलं, मग उभं राहू लागलं, आणि उभं राहण्यासाठी हाताला येईल ते धरू लागलं. एक दिवस बंटीची मान हाताला आली. कुत्र्याला हायवेवर गाडीतून उतरवून निघून जाणारे लोक आम्ही पाहिले आहेत. उपासमार होईल अशा रीतीने जनावर सोडून देणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या खेपेचा दंड १० ते ५० रुपये, म्हणजे फार तर दोन वडापाव. त्या मानाने यांनी त्याची ताटली आणली, गादी आणली, बिस्किटांचा पुडा आणला. सुनेचे डोळे सुजलेले होते. मुलगा सारखा मोबाइल बघत होता. मला वाटतं, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

पण ते ‘न सांगता’ काही माझ्या मनातून जाईना.

कारण कुत्रा सांगतो. नको असलेला हात जवळ आला की आधी तोंड फिरवतो. मग नाकावरून जीभ फिरवतो. झोप आलेली नसताना जांभई देतो. डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसू लागतं, अंग ताठ होतं, आणि एवढं सगळं होऊनही समोरच्याला कळलं नाही तर गुरगुरतो. गुरगुरणं ही त्याच्याकडची सभ्य भाषा आहे. घराघरांत नेमका तिलाच माज समजतात. ‘आमच्यावर गुरगुरतोस?’ म्हणून फटका. फटक्याने गुरगुरणं थांबतं, सगळ्यांना वाटतं कुत्रा सुधारला. त्याला नको असलेलं मात्र नकोच राहिलेलं असतं. आता ते सांगायला त्याच्याकडे दात तेवढे उरतात.

बंटीला फटका कशाने बसत असावा, ते आल्या आल्याच कळलं. शेल्टरमध्ये पिंजऱ्यात अंथरायला जुनी वर्तमानपत्रं लागतात. लोक रद्दीचे गठ्ठेच्या गठ्ठे आणून देतात, तो आमचा सर्वांत भरवशाचा दानधर्म. सफाईच्या मावशींनी नेहमीसारखा एक अंक उचलून झटकला, आणि बंटी मागच्या भिंतीला पाठ लावून, लघवी करत, दात काढून उभा राहिला. मावशी थांबल्या. अंक खाली ठेवला आणि म्हणाल्या, “यालाच गुंडाळून मारलंय ह्याला.” दुसऱ्या दिवसापासून बंटीच्या पिंजऱ्यात जुनी सुती चादर. आमच्याकडे कुत्र्यांचं वागणं समजून सांगणारी एक प्रशिक्षित मुलगी येते. तिने नंतर दोन पानांचा अहवाल लिहिला, त्यात चादरीहून मोठा शोध नव्हता.

‘त्याला दाखवून द्या घरात मालक कोण ते,’ हा सल्ला बंटीच्या घरच्यांनाही कुणी तरी दिला होता. या सल्ल्याच्या मुळाशी लांडगे आहेत. रुडॉल्फ शेंकेल या अभ्यासकाने १९४७ साली बंदिस्त लांडग्यांवर लिहिलं. एकमेकांचे कुणी नसलेले लांडगे एका आवारात कोंडले होते आणि ते वरचढपणासाठी भांडत होते. पुढे डेव्हिड मीच यांच्या १९७०च्या पुस्तकाने म्होरक्या लांडग्याची कल्पना घरोघर पोचवली. त्यांनीच मोकळ्या रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहून १९९९ मध्ये लिहिलं की कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं, एक साधं कुटुंब. सुधारणा केली, पण सल्ला काही मागे फिरला नाही. मला त्या कोंडलेल्या लांडग्यांचंच जास्त वाटतं. अनोळखी, अडकलेले, सतत आवाजात. आमच्या पिंजऱ्यांच्या रांगेत उभं राहून एखाद्या कुत्र्याचा ‘स्वभाव’ लिहायचा म्हणजे रेल्वेच्या जनरल डब्यात उभ्या असलेल्या माणसाचा स्वभाव लिहिण्यासारखं आहे.

आल्यावर काही दिवसांनी डॉक्टरांनी भूल देऊन त्याचं तोंड उघडलं. लहान चणीच्या कुत्र्यांचे दात-हिरड्या म्हातारपणी फार बिघडतात. बंटीच्या हिरड्या सुजून पू झाला होता, मागच्या दाढा हलत होत्या. म्हणजे जो कुणी लाडाने गाल ओढायला गेला, पट्टा चढवायला गेला, त्याचा हात थेट ठणक्यावर पडत होता. दाढा काढल्या. सगळ्यांना वाटलं, आता नवा बंटी दिसेल. तसं झालं नाही. ठणका गेला, पण हात जवळ आला की दुखतं हे पाठ झालेलं होतं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, त्यामुळे हात उशिरा दिसायचा आणि एकदम दिसायचा. मावशी म्हणायच्या, “आधी हाक मारायची, मग जायचं. आपल्या घरात तरी कुणी न बोलता अंगाशी आलेलं चालतं का?”

ताटलीवरूनही तो अंगावर यायचा. ताटलीत तोंड असताना कुणी दोन पावलं जवळ आलं की घास न गिळता थिजायचा. त्यावरचा उपाय मला इतका ओळखीचा वाटला की मी मोठ्याने हसले. ताटली ओढून घ्यायची नाही. लांबून जाता जाता त्याच्या ताटलीतल्या जेवणाहून चांगलं काही तरी, उकडलेल्या कलेजीचा तुकडा म्हणा, पनीर म्हणा, तिथे टाकायचं आणि तसंच पुढे निघून जायचं. रोज थोडं जवळून. जवळ येणारा माणूस हिसकावत नाही, भर घालतो, हे कुत्र्याला पटेपर्यंत. कोरडी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची गोष्ट आम्ही लहानपणी भक्तीची म्हणून ऐकली. त्यात धावण्याचा भाग तेवढा प्रशिक्षित मुलीला पसंत पडला नाही. “चालत जायचं,” ती म्हणाली, “आणि तिरकं.”

याने बंटी गुणी झाला असं सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. तो आता गुरगुरतो. हे आम्ही त्याच्या कार्डावर प्रगती म्हणून लिहिलं आहे, आणि दत्तक घ्यायला येणाऱ्यांना ते समजावताना आमची तारांबळ उडते. ते पिल्लांच्या खोलीकडे जातात. त्यात त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही; लहान मूल असलेल्या घरात बंटीला मी स्वतःही देणार नाही. म्हातारं, अर्धं आंधळं, आठवणीने चिडणारं जनावर ज्याला जमेल त्यानेच घ्यावं, आणि कुणाला जमलं नाही तर त्याने आमच्याकडेच चादरीवर म्हातारं व्हावं. दया आली म्हणून घेऊन जाणारे लोक महिन्याभरात परत येतात आणि कुत्रा दुसऱ्यांदा सोडला जातो.

मध्यंतरी एक निवृत्त जोडपं आलं होतं. आधीचा कुत्रा १४ वर्षांचा होऊन गेलेला, पिल्लाच्या मागे धावायची आता ताकद नाही म्हणाले. मावशींनी झाडू भिंतीला लावला आणि बंटीबद्दल सगळं सांगून टाकलं: चावतो, रात्री अंधाराला भुंकतो, पेपर उघडलेला चालत नाही, तोंडाला हात लावायचा नाही.

“मग लाड करायचे कुठे?” काकांनी विचारलं.

“पाठीवर. तेही तो आपणहून आला तर.”

काकू जाळीपासून जरा लांब, तिरक्या बसल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. काकांनी विचार करून सांगतो म्हटलं, आणि जिना उतरता येतो का त्याला, हेही विचारलं. तिसरा मजला आहे, लिफ्ट नाही. पेपर काय, मोबाइलवरसुद्धा वाचता येतो.