फळ्यावरचे शेवटचे नाव

आमचे तिगाव हे नागपूर–इटारसी लोहमार्गावरचे एक लहानसे स्थानक. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. परंतु घरातली मराठी, पोळ्याचा सण आणि वर्गणी काढण्याची हौस यांत तिळमात्र फरक पडला नाही.

ही हौस एकदा आम्हांस महाग पडली. त्याला आता पन्नासएक वर्षे होतील. शाळेत एक संघ कबड्डीचा होता, एक व्हॉलीबॉलचा. सामन्यांसाठी छिंदवाड्यास जावयाचे तर गाडीभाडे आणि गणवेश यांची तजवीज गावानेच करावयाची. दोन्हीकडच्या पालकांनी आपापली मंडळे स्थापली. मी कबड्डीवाल्यांचा खजिनदार. कापूस विकून लोकांच्या हाती चार पैसे आले की आम्ही दारोदार हिंडत असू. व्हॉलीबॉलवाल्यांनी एका संत्रा-बागाईतदाराकडून घसघशीत रक्कम आणल्याचे कळताच आमच्या ईर्ष्येला ऊत आला. मग मीच युक्ती काढली. शाळेच्या ओसरीत फळा टांगला आणि देणगीदारांची नावे रकमेच्या क्रमाने लिहिली.

युक्ती सफळ झाली. आमची रक्कम त्यांच्याहून पुढे गेली. फळ्यावर सर्वांत खाली एका सालदाराचे नाव होते. त्याने एक रुपया दिला होता. त्याचा मुलगा आमच्या संघातला सर्वांत चपळ गडी. पोरे त्याला ‘एक रुपया’ म्हणून हाका मारू लागली. निघण्याच्या दिवशी तो आलाच नाही. मी घरी गेलो, तर बाप हात जोडून म्हणाला, “भाऊ, पोरगा येत नाही म्हणते. तेवढं नाव पुसून टाका जी.”

नवे गणवेश होते, भाडे खिशात होते; खेळाडू मात्र नव्हता.

जवळच पांढुर्ण्यास पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते. एका काठी पांढुर्णा, दुसऱ्या काठी सावरगाव. मध्ये पात्रात पळसाचे झाड आणि त्यावर झेंडा. त्या दगडांनी कित्येकांची डोकी फुटली, माणसे दगावली. तरी तो झेंडा कोणी आपल्या घरी नेत नाही; तो चंडीमातेच्या देवळात जातो. आम्ही आकड्यांची गोटमार केली, आणि दगड लागला तो आमच्याच पोराला. शाळा दोघांची एकच, हे आम्ही साफ विसरलो होतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी पैसाफंड काढला. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा, एवढेच मागणे. त्या पैशांतून तळेगावला १९०८ साली काचेचा कारखाना उभा राहिला. एका पैशात कोण वर आणि कोण खाली? त्या योजनेचे मर्म मला फार उशिरा उमगले.

पुढल्या वर्षी दोन्ही मंडळांनी मिळून एकच डबा फिरविला. नावे नाहीत, आकडे नाहीत. रक्कम आदल्या वर्षीपेक्षा कमी भरली, गणवेश जुनेच वापरावे लागले. पण बसथांब्यावर सर्वांच्या आधी येऊन बसला होता तो सालदाराचा मुलगा.

वाचकहो, परमुलखात राहून आपणही मंडळासाठी, शाळेसाठी वर्गणी काढीत असालच. देणाऱ्याचे नाव अवश्य लिहावे. मात्र क्रम लावण्यापूर्वी शेवटच्या ओळीत कोणाचा बाप आहे, एवढे पाहून घ्यावे.