राख केसात पडली तर

राखेच्या बुधवारी सकाळी आठच्या आत अर्धं गाव माझ्या फोनवर दिसतं. कपाळावर राखेचा क्रूस, मागे चर्चची कमान, वर फिल्टर. वसईत आमच्याकडे हल्ली उपवासकाळ असा सुरू होतो.

गंमत म्हणजे त्याच मिस्सात वाचलं जाणारं शुभवर्तमान नेमकं उलटं सांगतं. मत्तयाच्या ६व्या अध्यायातला तो उतारा. दान, प्रार्थना, उपवास यांतलं काहीच लोकांना दाखवायला करू नका, असं येशू म्हणतो. उपवास असेल तर तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, म्हणजे कुणाला कळणार नाही. हे ऐकून आपण लगेच रांगेत उभे राहतो आणि कपाळ काळं करून घेतो.

माझी त्या राखेबद्दल तक्रार नाही. झावळ्यांच्या रविवारी मिरवलेल्या झावळ्या जाळूनच ती करतात. जयजयकाराचं शेवटी काय होतं, ते त्यात दिसतं. पण ती मिरवायची खूण नव्हे. २०२१मध्ये, कोरोनाच्या काळात, व्हॅटिकनने फादरांना कपाळाला हात न लावता डोक्यावर राख शिंपडायला सांगितलं होतं. इटलीत ही पद्धत आधीपासूनच आहे. केसात पडलेली राख फोटोत येत नाही. तरी बुधवार तोच, उपवास तोच.

माझी मावशी पहाटेच्या लोकलने दादरला भाजी विकायला जाते. रोजच्या मिस्साला येत नाही, प्रार्थना मंडळात नाही. ‘तिला देवाचं काही नाही,’ असं मी चर्चच्या पायरीवर ऐकलं आहे, चांगले कपडे घातलेल्या, चांगल्या माणसांकडून. राखेच्या बुधवारी ती संध्याकाळी जाते, राख लावून घेते, घरी येऊन तोंड धुते आणि स्वयंपाकाला लागते.

एका मार्चमध्ये ती तापाने पडली, म्हणून चार दिवस तिच्या जागी मी बसले. पहिल्या दिवशी चहावाला आला, पण मला चहा न देता शेजारच्या म्हाताऱ्या हमालाला दिला. म्हणाला, “मावशींचा चहा या दिवसांत बंद असतो. त्यांचा कप याला. पैसे त्याच देतात, दरसाल.”

घरी येऊन विचारलं, तर म्हणाली, “चहाने पित्त होतं गं.”

रविवार वगळून ४० दिवस. रोज एक कप. त्या पायरीवरच्या लोकांना हा हिशेब मी अजून सांगितलेला नाही. सांगितला तर तो मावशीचा राहणार नाही, असं वाटतं.

फोटो काढू नका, असं मी कुणाला सांगणार नाही. फक्त या दिवसांत एखादी गोष्ट अशी असावी, जिच्याबद्दल कुणी विचारलं तर आपल्यालाही पित्ताचं नाव पुढे करावं लागेल. आणि शेजारच्या बाकावरच्या कोरड्या कपाळाकडे बघताना एवढं लक्षात असावं, की तिचा कप कुठे जातो ते आपल्याला माहीत नाही.