बाबांच्या जीपचे दिवे

दिवाळीत खटकचिंचोळीला गेलो, तर बाबा म्हणाले, "रात्री भालकीहून येताना उसाची ट्रॉली दिसतच नाही रे. परवा थोडक्यात वाचलो."

जुन्या महिंद्रा जीपचे दिवे मिणमिणते. मी बी.ई. झालेला! ५५ वॅटचे दोन जादा दिवे आणले, वायर थेट डॅशबोर्डच्या स्विचमधून नेली. दहा मिनिटांत जळका वास. हिशेब साधा होता: ११० वॅट भागिले १२ व्होल्ट, म्हणजे ९ अँपिअरहून जास्त. बारीक वायर तापणारच.

दुसऱ्या दिवशी नीट केलं. बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज, तिथून जाड वायर रिलेच्या ३० नंबरला, ८७ वरून दिव्यांना. ८५ चेसिसला, ८६ ला हाय बीमची वायर, स्विचमधून. आता स्विचमधून जातो तो फक्त रिलेपुरता नाममात्र करंट. शिवाय डिपर दिला की जादा दिवेही विझतात. समोरच्याचे डोळे दिपत नाहीत.

बाबांनी फेरी मारली, खूश झाले. पण सकाळी बघतो तर ते शेजारच्या काकांच्या ट्रॉलीमागे लाल रिफ्लेक्टर पट्टी चिकटवत होते. म्हणाले, "सगळ्यांच्या गाडीला कुठे तुझे दिवे असणार?"

हे मात्र मला सुचलं नव्हतं.