दुसरी किल्ली

शेजारच्या मुलीचं नाव नवोदयच्या निवड यादीत आलं. सहावीच्या ऐंशी जागा आणि परीक्षेला बसलेली अख्ख्या जिल्ह्यातली लेकरं, त्यामुळे आधी गल्लीत पेढे फिरले. मग दुसरी यादी आली, सोबत काय काय आणायचं त्याची. ती घेऊन तिचे वडील माझ्याकडे आले. "तुम्ही बोर्डिंगात दिवस काढलेत सर. ह्यातलं खरंच काय लागतं अन् काय उगंच लिहिलंय, तेवढं सांगा." गादी, गणवेश, पुस्तकं, साबण, तेल, पेस्ट हे नवोदय देतंच. उरलं ते फार नव्हतं. पत्र्याची पेटी, बादली, मग, घरी घालायचे कपडे, स्लीपर. आणि शेवटून दुसऱ्या ओळीत: कुलूप 1, किल्ल्या 2.

आता कुलूप घेतलं की किल्ल्या बहुधा दोन येतातच. तरी कुणीतरी ते मुद्दाम लिहिलं होतं. मी त्या ओळीवर बोट ठेवून बसलो आणि शेजारी बिचारे माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

एक किल्ली लेकराची, हे उघड आहे. मुलांची करदोड्याला, मुलींची गळ्यातल्या दोऱ्यात. आंघोळीला हौदावर गेल्यावर अंगावरचं सगळं उतरतं, किल्ली उतरत नाही. आमच्या बोर्डिंगात दुसरी किल्ली रेक्टर सरांकडे जमा करावी लागे. त्यांच्या खोलीत एक लाकडी पाटी होती, पाटीवर खिळे, खिळ्याखाली तैलरंगात नंबर. पोरगं किल्ली हरवणारच, हे धरून केलेली व्यवस्था. माझ्या मायला ही गोष्ट पटली नाही. आपल्या लेकराच्या पेटीची किल्ली परक्या भिंतीवर टांगायची म्हणजे काय? तिनं स्टेशनजवळच्या किल्लीवाल्याकडून तिसरी किल्ली करून घेतली आणि देवघरात कुंकवाच्या करंड्यात ठेवली. पेटी परभणीला, किल्ली खेड्यात, मध्ये दोन एस.टी. बदलायच्या. "हिचा उपयोग काय?" असं वडील विचारायचे. माय काही बोलायची नाही, पण करंडाही हलवायची नाही.

वसतिगृहात आपलं म्हणावं असं जे काही असतं ते पेटीच्या आत. झाकणाच्या आतल्या बाजूला पोरं काय काय चिकटवायची: माहूरची रेणुकामाता, सचिन, ट्रॅक्टरची जाहिरात. एकानं घरच्या बैलजोडीचा फोटो लावला होता, पोळ्याला झूल घालून काढलेला. तळाला वर्तमानपत्र, त्याच्याखाली दहाची नोट. आता ठिकठिकाणी लोखंडी कपाटं आली आहेत. ती मला आवडत नाहीत. कपाटासमोर उभं राहिलेलं पोरगं चारी बाजूंनी दिसतं. पेटीचं तसं नाही. झाकण वर करून आत डोकं घातलं की माणूस काहीतरी शोधतोय असं वाटतं आणि कुणी काही विचारत नाही. पहिल्या महिन्यात आमच्या खोलीतली सगळीच पोरं सारखी काहीतरी शोधत असायची.

आणि भेटीचा रविवार. महिन्यातून एकदा यायचा, पण शुक्रवारपासूनच त्याची हवा लागायची. नखं कापली जायची, गणवेशाला तांब्यात निखारे घालून इस्त्री व्हायची. रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला जिंतूरकडची गाडी, मग पाथरीची, मग परळीहून येणारी पॅसेंजर लागली की गंगाखेडची माणसं. सेलू-मानवतचे लोक मनमाडकडच्या गाडीनं. कुणाची माणसं कुठल्या गाडीनं येणार हे आम्हाला पाठ होतं. गाडी हुकली की ती पोरं फाटकाच्या आत, गजाला धरून उभी. फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही हा नियम होता, त्यामुळे पाय आत आणि मान बाहेर.

लिंबाखाली बस्तान बसायचं. सतरंजी नसली तर मायच्या लुगड्याचा पदरच. मग फडकी सुटायची. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, अंबाडीची भाजी, लसणाचा ठेचा आणि धपाटे. धपाट्यांशिवाय भेटीचा रविवार मी पाहिला नाही. ज्वारी, गहू आणि हरभऱ्याचं पीठ, तीळ, कोथिंबीर. ओल्या फडक्यावर थापलेले, तीन दिवस टिकणारे. सोबत दही, तेही डब्यात न मावणारं, म्हणून तांब्याला फडकं बांधून आणलेलं. एस.टी.च्या धक्क्यांनी त्याचं ताक व्हायचं आणि मायला त्याचंच वाईट वाटायचं. पोराला भेटायला म्हणून आलेली बाई पहिला अर्धा तास दह्याबद्दल बोलायची.

बाप बोलायचे नाहीत. बाप तपासायचे. खाटेच्या दांड्या हलवून बघायच्या, नळ सोडून बघायचा, खिडकीचे गज मोजल्यासारखे करायचे. "पाणी येतंय का टायमावर?" "येतंय." "पोटाला लागतंय का?" "लागतंय." झालं. त्यानंतर ते शेजारच्या पोराच्या बापाशी कापसाच्या भावावर बोलत बसायचे, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही तेच बरं वाटायचं. एकाच बापाला मी पोराचे पाय चेपताना पाहिलं. पोरगं झोपलं होतं, बाप चेपत होता आणि भोवतालच्या सगळ्यांनी तिकडे पाठ केली होती.

माया वेगळ्या. त्या मोजायच्या. बरगड्या, दात, केसांतल्या उवा, बनियनची भोकं. "लई वाळलं लेकरू" हे वाक्य वजन वाढलेल्या पोरालाही ऐकावं लागायचं. मुलींच्या वसतिगृहात तर त्या दिवशी वेण्यांचा कार्यक्रमच चालायचा, असं बहीण सांगते. माय वेणी घालायला बसली की शेजारच्या दोन-तीन मुलीही आपापली रिबीन घेऊन रांगेत बसायच्या. आपल्या हातानं घातलेली वेणी सैल होते, मायची नाही. म्हणून त्या मुली रविवारची वेणी बुधवारपर्यंत सोडायच्या नाहीत.

चार वाजता घंटा. आमची घंटा म्हणजे रुळाचा तुकडा, तारेनं टांगलेला. आवाज असा की पाखरं उडायची. भेटीची वेळ संपली आणि बाहेरचं खाणं खोलीत न्यायचं नाही, असे दोन्ही हुकूम त्या एका घंटेत असायचे. दुसरा कुणी पाळत नसे. धपाटे शर्टाच्या आत जायचे, पोटाला तेल लागायचं. चौकीदार आम्हाला तपासायचा, पण दंडाला आणि खिशाला हात लावून. पोटाला त्याचा हात कधी लागला नाही. मला तो माणूस आजही आवडतो. नियम करणाऱ्यापेक्षा तो कुठे ढिला सोडायचा हे ज्याला कळतं, त्याच्यावर वसतिगृह चालतं.

पालमकडचा एक पोरगा होता. दिवाळीनंतर त्याच्याकडे कुणी यायचं नाही. मायबाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, कधी सांगलीकडे तर कधी कर्नाटकात. भेटीच्या रविवारी तो खोलीत बसून राहायचा नाही. सकाळपासून कळशी घेऊन लिंबाखाली हजर. ह्या घराला पाणी दे, त्या म्हातारीला सावलीत बसव, कुणाचं तान्हं सांभाळ. प्रत्येक फडक्यातून त्याला बोलावणं यायचं. संध्याकाळी तो आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त जेवलेला असायचा आणि कुणाच्या घरचा ठेचा जास्त तिखट यावर निकाल द्यायचा. बिचारा वगैरे त्याला कुणी म्हणत नव्हतं, म्हणायची सोयच त्यानं ठेवली नव्हती.

त्याच्यासारख्या लेकरांसाठी आता हंगामी वसतिगृहं आहेत. गंगाखेड, सोनपेठ, पालम या भागातल्या तांड्यांवरून, वाड्यांवरून मुकादमाची उचल घेतलेली जोडपी निघाली की मुलं गावातल्याच शाळेत जेवतात आणि रात्री आजीपाशी नाहीतर चुलत्याकडे झोपतात. एका परीनं सगळ्यात अवघड बोर्डिंग हेच. इतर ठिकाणी लेकरू घर सोडून जातं. इथे लेकरू जागच्या जागी असतं, गल्ली तीच, कुत्रं तेच, आणि घरच उठून निघून गेलेलं असतं. फाटक नाही, भेटीचा रविवार नाही, धपाटे लपवायचं कारण नाही.

नियमांच्या पाट्यांवर मात्र माझं कधी प्रेम बसलं नाही. पहाटे पाचला उठणे, पी.टी., प्रार्थना, अभ्यासिका, हजेरी, रात्री दहाला दिवे बंद. सगळीकडे क्रम सारखाच, अक्षर तेवढं वेगळं. आपल्या या मुलखात वसतिगृहाच्या नियमाचा इतिहास मात्र मोठा आहे. 1938 साली निजामाच्या राज्यात, हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाच्या आणि औरंगाबादला इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहांत पोरं 'वंदे मातरम्' म्हणायला लागली. म्हणायचं नाही, असा हुकूम निघाला. पोरं ऐकेनात, तेव्हा त्यांची नावं कमी केली. त्यांतल्या पुष्कळांना नागपूर विद्यापीठानं पदरात घेतलं. त्याच चळवळीच्या लाटेत वरंगळकडचा एक हुशार मुलगाही बाहेर फेकला गेला आणि नागपूरला येऊन शिकला, पुढे पुण्यात फर्ग्युसनला. मराठी त्याला इतकी लागली की ह. ना. आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' त्यानं तेलुगूत नेली. ते पी. व्ही. नरसिंह राव. 1971 साली आंध्रचे मुख्यमंत्री असताना त्यांनी नळगोंडा जिल्ह्यात सर्वेलला निवासी शाळा काढली, आणि 1985 मध्ये दिल्लीत मनुष्यबळ विकास खात्याचे मंत्री झाल्यावर नवोदय आलं. पहिली दोनच होती, एक हरियाणात झज्जरला आणि एक आपल्या अमरावतीला. नियम मोडून बाहेर पडलेल्या पोरानं देशभर फाटकं आणि घंटा बसवल्या, याची मला गंमत वाटते. पण त्या फाटकातून खेड्यातली मुलं आत गेली. निदान पंचाहत्तर टक्के ग्रामीण, तिसरा हिस्सा मुलींचा, हे तिथं कागदावरच लिहिलेलं आहे.

आमच्या वेळी परभणीचं नवोदय म्हणजे वसमत. 1 मे 1999 ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि वसमत तिकडे गेलं. तरी तिथं शिकलेली जुनी माणसं अजून स्वतःला परभणीकरच म्हणवतात. माझा एक मित्र त्यांतला. नवोदयात नववीला एक रीत आहे. वर्गातली तीस टक्के मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या मुलखातल्या नवोदयात पाठवतात आणि तिकडची इकडे येतात. हा मित्र असा उत्तरेला गेला. आधीच घरापासून लांब असलेलं पोरगं, त्याला आणखी दोन दिवसांच्या रेल्वेवर पाठवायचं, हे ज्याला सुचलं तो एकतर फार कठोर असावा नाहीतर फार शहाणा. मित्राला विचारलं तर तो दोन्ही म्हणतो.

तिकडच्या पोरांना परभणी ठाऊक नव्हती. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे त्यानं हिंदीत सांगून पाहिलं. कुणी हसलंही नाही. मेसमध्ये आठवड्यातून दोनदा भेंडी असायची आणि त्याला भेंडीचा तिटकारा. एक दिवस शाळेच्या बागेत काम करताना माळ्याच्या हातात बियाण्याचं पाकीट दिसलं. त्याच्यावर नाव: परभणी क्रांती. आपल्या कृषी विद्यापीठानं काढलेलं भेंडीचं वाण, तेव्हा हळद्या रोगाला दाद न देणारं, ऐंशीच्या दशकात पार उत्तरेपर्यंत पोचलेलं. त्यानं ते पाकीट माळ्याकडून मागून घेतलं आणि रात्री अख्ख्या हाउसला फिरवून दाखवलं. हे बघा, हे माझं गाव. त्या आठवड्यात त्यानं भेंडी दोनदा वाढून घेतली.

चव कशी लागली, असं मी विचारलं होतं. म्हणाला, "चिकटच होती यार."