सेझानचा निळा रंग आणि आपली काळीपांढरी पुस्तके

आपल्याकडील चित्रकलेच्या अभ्यासकांच्या दोन-तीन पिढ्यांचा युरोपीय चित्रकलेशी झालेला परिचय मुख्यत्वे पुस्तकांतून झाला, आणि ती पुस्तके बहुतांशी काळ्यापांढऱ्या ठशांनी छापलेली होती, या दोन गोष्टींचा एकत्र विचार जितक्या गांभीर्याने व्हावयास हवा होता तितका तो आपल्या कलासमीक्षेत झालेला नाही. होल्बाइनच्या रेखाटनाचे अशा छपाईत फारसे नुकसान होत नाही. मोनेचे चित्र काळ्यापांढऱ्यात छापले की ते उघड उघड पुसट होते, आणि आपल्या हाती मूळ चित्रातले फारसे काही लागलेले नाही हे पाहणाऱ्याला आपोआप उमगते. सेझानची गोष्ट याहून निराळी आहे. त्याचे चित्र करड्या छटांतही भरभक्कम, रचनाबद्ध आणि स्वयंपूर्ण दिसते, त्यात काही उणे आहे अशी शंकासुद्धा येत नाही, आणि म्हणूनच त्याच्याविषयीची आपली समजूत सर्वांत अधिक एकांगी राहिली. चित्रकलेचा इतिहास शिकविण्यात माझे आयुष्य गेले, आणि दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांच्या तोंडून सेझान म्हणजे भूमिती, सेझान म्हणजे घनवादाचा पूर्वज, हे समीकरण मी ऐकत आलो. ते खोटे नाही. परंतु त्या भूमितीचा पाया रंगाचा आहे, आणि नेमका तोच त्या पुस्तकांतून गळून पडला होता.

पॉल सेझानचे चरित्र घटनांच्या दृष्टीने साधे आहे. दक्षिण फ्रान्समधील एक्स या गावी १८३९ साली त्याचा जन्म झाला. टोप्यांच्या व्यापारातून पेढीचा मालक झालेल्या बापाच्या आग्रहाखातर काही काळ त्याने कायद्याचा अभ्यास केला. शाळासोबती एमिल झोला याच्या प्रोत्साहनाने तो पॅरिसला गेला. १८७२ च्या सुमारास पाँत्वाज येथे वयाने वडील असलेल्या पिसारोच्या सहवासात तो उघड्यावर बसून निसर्ग रंगवू लागला आणि त्याच्या रंगपाटीवरचा काळोख हळूहळू उजळला. १८७४ च्या पहिल्या दृक्प्रत्ययवादी प्रदर्शनात त्याची चित्रे होती आणि १८७७ च्या तिसऱ्या प्रदर्शनातही होती. त्यानंतर मात्र त्या मंडळींच्या प्रदर्शनांत त्याने पुन्हा भाग घेतला नाही. १८९५ साली आंब्रुआझ व्होलार या तरुण चित्रविक्रेत्याने पॅरिसमध्ये त्याचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरविले, तेव्हा सेझानने वयाची पंचावन्न वर्षे ओलांडली होती.

तत्पूर्वीच्या काळात सामान्य रसिकांना त्याची चित्रे फारशी पाहावयास मिळत नव्हती, तथापि चित्रकारांना तो ठाऊक होता. फळांचे उंच पात्र, काचेचा पेला, सफरचंदे आणि सुरी असे एक लहानसे स्थिरचित्र गोगांच्या संग्रही होते, आणि त्याच्यावर त्याचा इतका जीव होता की १८९० साली एका स्त्रीचे व्यक्तिचित्र काढताना तिच्या पाठीमागे त्याने हेच चित्र रंगविले. पुढे १९०० साली मॉरिस देनी याने ‘सेझानला वंदन’ हे भव्य चित्र काढले. त्यात व्होलारच्या दुकानात रदों, व्हुइलार, बोनार, सेरुझिए आदी मंडळी एका घोडीभोवती उभी आहेत आणि घोडीवर तेच स्थिरचित्र मांडलेले आहे. एका चित्रकाराने काढलेली सफरचंदे दुसऱ्याने आपल्या चित्रात घ्यावीत आणि तिसऱ्याने त्यांच्याभोवती आपली सारी पिढी उभी करावी, याहून मोठा आदर कोणत्या चित्राच्या वाट्याला आला असेल असे मला वाटत नाही. देनीने सेझानवर लिहिलेल्या लेखाचा इंग्रजी अनुवाद रॉजर फ्राय याने १९१० साली केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस लंडनच्या ग्राफ्टन दालनात ते प्रसिद्ध प्रदर्शन भरवून सेझान, गोगां आणि व्हॅन गॉग यांना उत्तर-दृक्प्रत्ययवादी हे नाव दिले. फ्रायचा सेझानवरील ग्रंथ १९२७ साली निघाला. त्यातही या फळांच्या पात्राचे दीर्घ विवेचन आहे, आणि एका चित्रासमोर किती वेळ थांबावे, काय पाहावे आणि पाहिलेले कोणत्या क्रमाने सांगावे याचा इतका उत्तम वस्तुपाठ मला अन्यत्र आढळलेला नाही. फ्रायने रंगाविषयी पुष्कळ लिहिले आहे. परंतु ज्या वाचकासमोर मूळ चित्र नाही त्याला रंगाचे वर्णन वाचून पुढे जावे लागते आणि आकाराचे वर्णन मात्र ठशाशी ताडून पाहता येते. यातून काय निष्पन्न होणार हे उघड आहे.

याच प्रकारचा अन्याय सेझानच्या सर्वांत प्रसिद्ध पत्राच्या वाट्याला आला. १५ एप्रिल १९०४ रोजी एमिल बर्नार या तरुण चित्रकाराला लिहिलेल्या त्या पत्रात निसर्गाकडे दंडगोल, गोल आणि शंकू यांच्या आधारे पाहावे असा उपदेश आहे. (त्यात घनाचा उल्लेख नाही, ही गोष्ट घनवादाची वंशावळ मांडणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.) हे एक वाक्य दाखल्यादाखल शेकडो वेळा उद्धृत झाले. त्याच पत्रात थोडे पुढे त्याने म्हटले आहे की निसर्ग आपल्याला पृष्ठापेक्षा खोलीच्या रूपाने अधिक जाणवतो, म्हणून तांबड्या-पिवळ्यांनी दर्शविलेल्या प्रकाशाच्या स्पंदनांत हवा जाणवेल इतका निळा मिसळला पाहिजे. पत्राचा पूर्वार्ध भूमितीच्या शिक्षकालाही समजेल. उत्तरार्ध समजण्यासाठी मात्र निळा रंग डोळ्यांपुढे असावा लागतो. काळ्यापांढऱ्या पुस्तकांवर वाढलेल्या वाचकाने पूर्वार्ध उचलला आणि उत्तरार्ध सोडून दिला, याचे नवल वाटावयास नको.

हा उत्तरार्ध थोडा विस्ताराने सांगितला पाहिजे. सफरचंदाला गोलाई आणण्याची परंपरागत रीत अशी की तांबडा रंग उजेडाकडे फिकट करीत न्यावा आणि सावलीकडे त्यात तपकिरी किंवा काळा मिसळावा. सेझान ही रीत टाकतो. सफरचंदाचा जो बिंदू आपल्या डोळ्याला सर्वांत निकट आहे तेथून पृष्ठभाग जसजसा वळून दूर जातो तसतसा तो रंगाची जातच बदलतो: पिवळ्यावरून नारिंगी, नारिंगीवरून तांबडा, तेथून जांभळट, आणि कडेशी निळा किंवा हिरवा. उष्ण रंग पुढे येतात, शीत रंग मागे सरतात, आणि या पुढे-मागे सरण्यातून फळ गोल होते. लगतचे दोन रंग उजळपणाने जवळजवळ समान आणि जातीने मात्र भिन्न, असे त्याच्या चित्रांत वारंवार घडते, आणि काळ्यापांढऱ्या छायाचित्रात असे दोन रंग एकाच करड्या छटेत विलीन होतात. त्यातून जुन्या छायाचित्रणाच्या काचा तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळ्या आणि निळ्याला अतिशय संवेदनशील असत; त्यामुळे तांबडे फळ काळवंडून येई आणि त्याच्यामागची निळसर भिंत पांढुरकी. पुढे सुधारलेल्या काचांनी हा दोष पुष्कळसा दूर केला, तरी रंग ते रंगच. करड्यात त्यांचे संक्रमण राहत नाही. मग ठशात शिल्लक काय राहते? कडांभोवती दोन-तीनदा फिरलेली रेषा, पुढे कललेले मेज, पात्राची लंबवर्तुळे, घरांचे चौकोन. बंदिशीचे शब्द आणि तालाच्या मात्रा कागदावर मिळाव्यात आणि स्वर मात्र मिळू नयेत, तसा हा प्रकार आहे.

व्होलारच्या व्यक्तिचित्राची हकीकत या संदर्भात मला फार मोलाची वाटते. १८९९ साली काढलेले हे चित्र आज पॅरिसच्या पती पाले या संग्रहालयात आहे. व्होलारने नंतर लिहिलेल्या पुस्तकानुसार या चित्रासाठी तो ११५ वेळा बसला आणि एवढे झाल्यावर सेझानने सदऱ्याचा पुढचा भाग आपल्याला अगदीच नापसंत नाही असा अभिप्राय देऊन काम थांबविले. व्होलार गोष्टीवेल्हाळ होता, त्याचा प्रत्येक तपशील दस्तऐवजासारखा प्रमाण धरण्याचे कारण नाही. परंतु त्याने सांगितलेली एक बाब चित्राशी ताडून पाहता येते. हातावर दोन ठिकाणी कापड कोरे राहिले होते आणि त्याबाबत त्याने विचारणा केली, तेव्हा सेझानने सांगितले की तेथे कसातरी एखादा रंग लावला तर त्या जागेपासून आरंभ करून सबंध चित्र पुन्हा रंगवावे लागेल. एका ठिपक्याने सारे चित्र कसे बिघडेल, हे रेषेच्या न्यायाने समजत नाही. रंगाच्या न्यायाने मात्र ते सरळ आहे, कारण प्रत्येक रंग आपल्या शेजाऱ्यांवर अवलंबून असतो आणि ते शेजारी पुन्हा आपापल्या शेजाऱ्यांवर.

लंडनच्या कोर्टोल्ड संग्रहात साँत-व्हिक्त्वार पर्वताचे १८८७ च्या सुमाराचे चित्र आहे. लांबी-रुंदी सुमारे ९२ बाय ६७ सेंटिमीटर, म्हणजे पुस्तकांतून होणाऱ्या अपेक्षेपेक्षा लहानच. वरच्या बाजूने पाइन वृक्षाची फांदी आडवी गेली आहे आणि तिचे वळण दूरच्या पर्वताच्या कडेला जणू समांतर चालते. रचनेचा हा विशेष प्रत्येक पुस्तकात सांगितलेला असतो आणि काळ्यापांढऱ्या ठशातही तो स्पष्ट दिसतो. चित्रासमोर उभे राहिल्यावर मला प्रथम जाणवले ते निराळेच. पर्वताच्या उतारावर गुलाबी आणि निळ्याचे फिके पट्टे एकमेकांत शिरलेले आहेत, मधली शेते हिरवी आणि गेरूच्या पिवळ्याची आहेत, उजवीकडे रेल्वेचा कमानींचा पूल आहे. आणि पर्वताचा गुलाबी तसाच आकाशाचा निळा फांदीच्या पानांजवळ इतका निकट येतो की दूर आणि जवळ ही दोन्ही स्थाने एकाच पडद्यावर नांदतात, तरी मधली मैलोगणती हवा नाहीशी होत नाही. या चित्राचा एक इतिहासही आहे. एक्समधील प्रदर्शनात गावकऱ्यांना ते उमगले नाही, पण सेझानच्या शाळासोबत्याचा मुलगा, तरुण कवी जोआकिम गास्के याने मनापासून त्याची वाखाणणी केली, तेव्हा वृद्ध चित्रकाराने त्यावर सही करून ते त्यालाच देऊन टाकले. आपल्या गावी त्याला मिळालेल्या मान्यतेचा हिशोब एवढाच.

मुंबईशी या विषयाचा संबंध आहे आणि तो दूरान्वयाचा नाही. ऑस्ट्रियातून आलेले आणि टाइम्स ऑफ इंडियाचे कलासंचालक झालेले वॉल्टर लँगहॅमर आपल्या घरी तरुण चित्रकारांना युरोपीय चित्रांच्या प्रतिकृती दाखवून त्यांवर चर्चा करीत. १९४७ साली स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमधील अनेकांचे डोळे त्या बैठकांत तयार झाले. १९४८ साली काश्मीरमध्ये आंरी कार्तिए-ब्रेसाँ या छायाचित्रकाराने सय्यद हैदर रझा यांची चित्रे पाहून त्यांत बांधणी उणी आहे, सेझानचा अभ्यास करा, असा सल्ला दिला. रझांनी तो मनावर घेतला आणि १९५० साली ते फ्रान्सला गेले. एका छायाचित्रकाराने ‘बांधणी’साठी सेझानकडे बोट दाखवावे, हे मला स्वाभाविक वाटते. रझांच्या फ्रान्समधील आरंभीच्या चित्रांत घरांचे कोन आणि काटेकोर चौकोन आहेत. रंग स्वतःच रचना होऊन उभा राहावा ही अवस्था त्यांच्या कामात नंतर, मूळ चित्रांच्या दीर्घ सान्निध्यानंतर आली. भारतात राहिलेल्या त्यांच्या समकालीनांपैकी अनेकांच्या वाट्याला हे सान्निध्य आले नाही, आणि त्यांच्या कामाचे मूल्यमापन करताना ही कैफियत विचारात घेतलीच पाहिजे.

ग्रंथांविषयी विद्यार्थी सल्ला मागतात तेव्हा मी तीनच नावे सांगतो. अर्ल लोरन याचे १९४३ चे पुस्तक सेझानच्या चित्रांच्या रेखाकृती काढून रचना उलगडते आणि प्रत्यक्ष स्थळांची छायाचित्रे शेजारी ठेवते. ते वाचावे, पण त्यातील बाणांनी आणि अक्षरांनी भरलेल्या आकृतींना चित्र समजू नये. मेयर शपिरो याचे १९५२ चे पुस्तक रंगीत चित्रांसह निघाले आणि एकेका चित्रासमोर थोडक्यात व नेमके बोलण्याची त्याची शैली फ्रायनंतर मला सर्वांत विश्वासार्ह वाटते. तिसरे, आणि माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे जॉन रिवाल्ड याने संपादित केलेला पत्रसंग्रह. तो तारखांच्या क्रमाने वाचावा, एकट्या बर्नारच्या पत्रांकडे उडी मारू नये. अखेरच्या वर्षीच्या पत्रांत मुलाला लिहिताना सेझान सांगतो की नदीकाठी एकाच जागी बसून, किंचित उजवीकडे वा डावीकडे कलले तरी इतके निरनिराळे विषय दिसतात की महिनोन्‌महिने जागा बदलण्याची गरज पडणार नाही. १५ ऑक्टोबर १९०६ रोजी उघड्यावर रंगवीत असताना तो वादळी पावसात सापडला आणि बेशुद्धावस्थेत त्याला घरी आणावे लागले. त्यानंतर दोन दिवसांनी, १७ तारखेस, त्याने जे शेवटचे पत्र लिहिले ते रंगविक्रेत्याला आहे. तांबड्या जातीच्या एका लाखी रंगाचे दहा नग मागवून आठ दिवस झाले तरी उत्तर नाही, हे काय चालले आहे, अशी त्यात कडक शब्दांत विचारणा आहे. त्यानंतर आठवडा उलटण्यापूर्वीच त्याचा मृत्यू झाला.