मूग वेगळे, मसूर वेगळी

मिसळलेलं धान्य निवडायला बसवणं हाही उपचार असतो. बंगळूरच्या निम्हान्समध्ये मेंदूला इजा झालेल्यांचं आणि स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचं लक्ष पुन्हा टिकू लागावं म्हणून जे व्यायाम तयार झाले, त्यांत छापील मजकुरातली ठरावीक अक्षरं खोडणं आहे, तसं धान्य वेगळं करणंही आहे. तिथल्या अभ्यासकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात तर स्किझोफ्रेनिया नुकताच सुरू झालेल्या रुग्णांनी हे व्यायाम दोन महिने घरी बसून केले. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. ज्याच्या गावात न्यूरोसायकॉलॉजिस्ट नाही, त्याच्याही घरात ताट आणि कडधान्य असतंच.

म्हैसूरला सरस्वतीपुरममध्ये मामांच्या जेवणाच्या टेबलावर दुपारी असंच ताट असतं. मूग, मसूर आणि हुलगे मामीने मुद्दाम एकत्र केलेले. पक्षाघाताचा झटका आला त्यानंतर मामांची उजवी बाजू हळूहळू सावरली, शब्द मात्र मागे राहिले. समोरचं सगळं त्यांना कळतं, मसुरीचा दाणा मसुरीतच जातो. पण ‘मसूर’ म्हणायला गेले की ओठ हलतात आणि चेहरा लाल होतो. याला वाचाघात म्हणतात. चाळीशी ओलांडलेला संसार त्या दोघांनी बोलण्यावर उभा केला होता, आणि आता मामी त्यांच्या डोळ्यांकडे बघून वाक्यं ओळखते.

उपचारासाठी कुक्करहळ्ळी तळ्यापलीकडे मानसगंगोत्रीत जावं लागतं. १९६५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था तिथे आहे. सरस्वतीपुरमच्या माणसाला हे किती जवळ! कितीतरी रुग्ण रात्रभर प्रवास करून तिथे येतात, हे आठवलं की हे जवळपण मला उपकारासारखं वाटतं. तिथे उपचार करणाऱ्या मुलीने पहिल्यांदा विचारलं ते हे, की घरात कोणती भाषा आणि बाहेर कोणती. घरात मराठी, दारापलीकडे सगळं आयुष्य कन्नड. मग तिने घरातल्याच वस्तूंचे फोटो काढून आणायला सांगितले.

एक गोष्ट मात्र शाबूत होती. कोल्हापुरात शाळेत घोकलेले पाढे. ‘चार’ हा सुटा शब्द मामांना सापडत नाही, पण ‘बे एके बे’ सुरू करून दिलं की चार आपसूक येऊन जातो. रशियन शास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांच्यासमोर असाच प्रश्न होता. १९४३ साली डोक्यात गोळी लागलेल्या झासेत्स्की नावाच्या सैनिकाला अक्षर आठवेना. एकेक अक्षर शोधू नकोस, हात न उचलता सवयीने लिही, असं त्याला सांगितलं गेलं आणि हात चालला. पुढे पंचवीस वर्षांत त्याने सुमारे तीन हजार पानं लिहिली. मोडलेली वाट सोडून शिल्लक असलेल्या वाटेने जायचं, हे मला या सगळ्या विद्येचं मर्म वाटतं.

मामांच्या एका भाच्याने त्यांच्या फोनवर मेंदू तल्लख करणारे खेळ घालून दिले. त्याची माया खरी, पण मी ते खेळ चालू ठेवले नाहीत. अमेरिकेत २,८३२ वृद्धांवर मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००२ साली आले. स्मरणशक्तीचे धडे घेणाऱ्यांची स्मरणशक्ती सुधारली, तर्काचे घेणाऱ्यांचा तर्क. एकाचा लाभ दुसऱ्याकडे फारसा गेला नाही. दहा वर्षांनी त्यातल्या अनेकांनी रोजची कामं सोपी जातात असं सांगितलं, तेही खरं. तरीही माझं मत पक्कं आहे. जे परत हवं आहे, त्याचाच सराव हवा. फुगे फोडून फुगे फोडणंच सुधारतं.

मामांना काय परत हवं आहे, ते त्यांनी बोट ठेवून दाखवलं: फोनच्या यादीतलं माझ्या आईचं नाव. ती त्यांची कोल्हापूरची आक्का, तिच्याशी बोलायचं. म्हणून आता ताट आवरलं की मी शेजारच्या खोलीत जाते, तिथून फोन लावते आणि आक्का होते. ‘आक्का’ हा शब्द येतो. ‘बरी आहेस?’ अर्धं येतं. आईला सांगून ठेवलं आहे, की खरा फोन आला तर मामांचं वाक्य तू पूर्ण करायचं नाहीस, कितीही वेळ लागला तरी.