दहावा नारळ

आमच्या मंडळाच्या बैठकीत भांडण झालं नाही, असं एकदाच घडलं. त्या वेळी बैठकच झाली नव्हती. 2025चं भांडण साठ टक्क्यांवरून होतं. एप्रिलमधल्या एका रविवारी लालबागच्या गावकीच्या खोलीत आम्ही पंधराएक जण मांडी घालून बसलो होतो. दहावीच्या मुलांचा गुणगौरव दरवर्षीचाच, पण साठच्या वर मिळवतील त्यांनाच बोलवायचं, असं अण्णांचं म्हणणं.

"काठावरच्यांनाही श्रीफळ द्यायला लागलो तर नारळाची किंमत काय राहील?"

"बाजारात विचार," कोपऱ्यातून तात्या म्हणाले.

मी खजिनदार. एरवी पैशांपुरतंच बोलतो. त्या दिवशी म्हणालो, "मला बेचाळीस टक्के होते."

1982ची गोष्ट. 18 जानेवारीला गिरणी संप सुरू झाला आणि मार्चमध्ये माझी दहावीची परीक्षा होती. वडील पत्र्याची पेटी घेऊन गावी परतले, तसे निम्मी खोली परतली. त्या वर्षी कसला गुणगौरव! जूनमध्ये निकाल हातात आला तेव्हा घरात पेढे सोडा, साखरही मोजून होती. पण मुंबईला आलो, तेव्हा खोलीत उरलेल्यांनी रात्रशाळेच्या अकरावीची फी जमवून दिली. पाच महिने पगाराचं तोंड न पाहिलेली माणसं ती. कुणी दोन रुपये दिले, कुणी पाच. खानावळवाल्या काकूंनी वर्षभर माझ्या ताटाचा हिशेब वहीत लिहिलाच नाही. माझे टक्के कुणी विचारल्याचं आठवत नाही.

हे सांगून झाल्यावर अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग पास होईल त्या प्रत्येकाला बोलवायचं ठरलं. अण्णांनी "बघू" म्हटलं. आमच्याकडे त्याचा अर्थ हो असाच होतो.

आमची वाडी कशेडी घाटाच्या अलीकडे, पोलादपूरच्या अंगाला. घाट ओलांडला की खेड, म्हणजे रत्नागिरी जिल्हा आणि बोर्डाचा कोकण विभाग. तो दरवर्षी राज्यात पहिला. 2025मध्येही 98.82 टक्के. आम्ही रायगडवाले मात्र बोर्डाच्या हिशेबात मुंबई विभागात! घाटाच्या एका बाजूचा पोरगा कोकणी, दुसऱ्या बाजूचा जन्मतःच चाकरमानी. आता तर बोगदा झालाय. घाटातल्या पाऊण तासाचं काम दहा मिनिटांवर आलंय. पण बोगदा मोठ्या रस्त्याचा. वाडीपासून फाट्यापर्यंतची चाल आहे तशीच आहे, मधला पऱ्ह्याही आहे. जुलैत तो भरला की पोरं अलीकडच्या काठावर दप्तर डोक्यावर धरून उभी राहतात, पाणी उतरलं तर शाळा, नाहीतर घर.

2025मध्ये निकाल 13 मेलाच लागला, म्हणून कार्यक्रम गावात घेता आला. एरवी निकाल लागेपर्यंत मुंबईकर परतीच्या वाटेला लागलेले असतात. मग जूनमध्ये मुंबईतल्या एखाद्या हॉलमध्ये सोहळा होतो, आणि ज्या आयांनी पहाटे चारला उठून डबे केले त्या इथे गावात भातलावणीच्या तयारीत असतात. फोटो त्यांना फोनवर दिसतो.

25 मेचा रविवार धरला. मांडव घातला, आणि त्याच दिवशी मान्सून कोकणात उतरला. सकाळी अकराला मांडवाचं कापड पोटासारखं फुगून खाली आलं. मग सगळा कार्यक्रम सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या जागी, हलवला. प्रमुख पाहुणे पावसामुळे आलेच नाहीत. खरं सांगायचं तर भाषण वाचलं, म्हणून मला बरंच वाटलं.

परीक्षेला दहा बसले होते, नऊ पास. पहिली आलेली मुलगी अठ्ठ्याऐंशी टक्क्यांची, शेवटचा एकेचाळीसचा. त्याचं नाव पुकारलं तेव्हा सर्वांत मोठी टाळी अण्णांची होती. दहावी मुलगी गणितात राहिली. ती आत चहा गाळत होती.

नऊ जणांचं झाल्यावर पहिली आलेली मुलगी माझ्या कानाशी आली. "काका, पाहुण्यांची शाल उरलीय ना? ती ड्रायव्हरकाकांना द्या."

वस्तीच्या गाडीचे ड्रायव्हर कंडक्टरसोबत मागे खांबाला टेकून पाऊस बघत बसले होते. माणूस बीडकडचा. रात्री गाडी वाडीत मुक्कामाला आणायची, देवळाशेजारच्या खोलीत झोपायचं आणि पहाटे सुटायचं. परीक्षेच्या दिवसांत तो सुटण्याआधी पोरं मोजायचा. एक जरी कमी असलं तरी हॉर्न वाजवत थांबायचा. वेळापत्रकात हे बसत नाही, म्हणून एसटीचं नाव न घेता आम्ही नुसत्या टाळ्या वाजवल्या. शाल अंगावर पडल्यावर तो कंडक्टरकडे बघून लाजला. मग मी पाहुण्यांसाठी आणलेला दहावा नारळ त्याच्यापुढे धरला.

तेवढ्यात मागून एक म्हातारी उठली. "शाल द्या त्याला, चांगला मानूस हाय. नारळ आमच्या पोरीचा हाय."

सहाण हसली. सर्वांत मोठ्याने ड्रायव्हर हसला. "बरोबर हाय आजी," म्हणत त्याने हात मागे घेतला. आतला चहा गाळायचा आवाज थांबला होता.

मी नारळ घेऊन आजीकडे गेलो. तिने तो माझ्या हातातून घेतला नाही. "देवापाशी ठेव. परत परीक्षा हाय ना तिची? पास झाली की फोडू."

पुरवणी परीक्षेच्या फीला अण्णांनीच खिशात हात घातला, पावती नको म्हणाले. रात्री कंदिलाशी बसून मी हिशेब लिहिला. नारळ दहा. शिल्लक दाखवली नाही.